पंलग, पाच फूट चार इंच

आधीच माफी मागून ठेवतो. माझ्या शुद्धलेखनाकडे फार बघू नका. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, एखादं टिंब शेजारच्या अक्षरावर जाऊन बसेल, आणि शब्दही साधेच असतील. माझ्या अंगावर आकडे छापलेले आहेत, अक्षरं नाहीत. आणि आकडेही सोळा फुटांपर्यंतच. तिथे माझी शाळा सुटली.

मी सुताराच्या खिशातला टेप बोलतोय. पिवळी पट्टी, काळी पेटी, आणि पट्टीच्या टोकाला वाकवलेला पत्रा. स्वभावाने लाजाळू आहे. ओढलं तर बाहेर येतो, सोडलं की सर्रकन आत. विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं तर जेवढं आहे तेवढंच सांगतो. त्यामुळे मला मित्र कमी.

माझा कारखाना कुठला ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती चारकोपच्या एका हार्डवेअरच्या दुकानाची. बिजागऱ्या आणि कुलपांच्या मधे एका खिळ्याला मी लटकत होतो. कुलपं गप्प असायची. बिजागऱ्या दिवसभर कुरकुरायच्या. माझ्या बाजूला पंचवीस फुटांचा एक दांडगा टेप होता, तो मला 'ए छोटू' म्हणायचा.

एके दिवशी सोळा वर्षांचा एक मुलगा आला. नववीतून शाळा सुटलेली, वडिलांची कंबर धरल्यामुळे त्यांचं ओझी उचलायचं काम गेलेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हा फर्निचरच्या कारखान्यात हाताखाली लागणार. त्याने बोट दाखवलं ते त्या दांडग्या टेपकडे. दुकानदाराने काढला मला. 'हा नाही, तो' म्हणायचा धीर त्या मुलाला झाला नाही. पैसे ठेवले आणि मला खिशात घालून निघाला.

असा मी नितेशचा झालो. आता त्याला दहा वर्षं झाली.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत मिहिरशेठचा कारखाना आहे. किचनची कपाटं, वॉर्डरोब, पलंग असं सगळं तिथे बनतं. नितेश तिथे आधी झाडू मारायचा, मग पॉलिश पेपर, मग करवत, आणि आता माप घ्यायला त्यालाच पाठवतात. कारण त्याचं माप चुकत नाही. आमच्या धंद्यात फूट असतो, इंच असतो आणि इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. इंचाकडे कोणीही बघतं. सूत बघणारा तो कारागीर. नितेश सूत बघतो.

लिहिण्यात मात्र त्याचा हात माझ्यासारखाच. प्रत्येक वस्तूच्या खालच्या फळीवर पेन्सिलीने ती काय आहे आणि किती मापाची आहे हे लिहायची त्याची सवय. पलंग असेल तर तो 'पंलग' असं लिहितो. टिंब नेहमी एक अक्षर आधीच पडतं. कारखान्यात कोणाला त्याचं काही वाटत नाही. पलंग झोपण्यासाठी असतो, वाचण्यासाठी नाही.

दोन वर्षांपूर्वी बोरिवलीच्या एका चष्म्याच्या दुकानात काउंटर बसवायचा होता. मोठ्या भिंतीचं माप घ्यायचं तर माझं एक टोक कोणीतरी धरावं लागतं. हीच माझी खरी अडचण आहे. मी एकट्याच्या कामाचा नाही. दुकानातली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "मी धरते. कुठे लावू?"

नितेशने नुसतं भिंतीकडे पाहिलं. तिने टोक बरोबर कोपऱ्यात लावलं आणि अंगठ्याने दाबून धरलं, अजिबात न हलवता. तिचं नाव श्रुतिका.

काउंटर बसला, पण दोन सूत जास्त भरला. नितेशचं माप आयुष्यात पहिल्यांदा चुकलं. ते दोन सूत काढायला तो तीनदा गेला. तिसऱ्या खेपेला श्रुतिका म्हणाली, "दोन सुतांसाठी माणूस तीन वेळा येतो?"

"लाकूड फुगतं," नितेश म्हणाला.

"पावसाळा संपून दोन महिने झाले रे."

त्याचे कान लाल झाले. सूत जुळलं असं माणसं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. तोवर मला वाटायचं, तो सुतारकामाचाच शब्द आहे.

आता लग्न म्हटलं की राहायचं कुठे, हा प्रश्न येतो. नितेशचं घर म्हणजे चारकोप गावातल्या चाळीतली एक खोली, दहा फूट बाय बारा. त्यात आईवडील, नितेश आणि धाकटा भाऊ. मी ती खोली बऱ्याचदा मोजली आहे. माणसं कपड्यांचा खिसा पुन्हापुन्हा तपासतात तसा नितेश ती मोजायचा. दर वेळी दहा बाय बाराच भरायची.

गंमत म्हणजे त्यांचं गावालाही घर आहे, मालवणच्या अलीकडे. गणपतीला नितेश मला बरोबर घेऊन गेला होता. तिथल्या नुसत्या पडवीतच माझी पट्टी संपली. पाच खोल्या, मागे विहीर, आणि वर्षातले अकरा महिने दाराला कुलूप. वाडीत तशी बारा-पंधरा कुलपं होती. त्यातली एकदोन माझ्या ओळखीची निघतात का ते मी पाहिलं. नितेशने तिथे कामाची चौकशी केली. पूर्ण वर्षात एका दाराचं आणि दोन मखरांचं काम मिळालं असतं. त्याचे आजोबा मुंबईला गिरणीत आले तेव्हाही कारण हेच होतं.

त्याची आई एवढंच म्हणाली, "थंय घर आसा पण काम नाय. हंय काम आसा पण घर नाय. आता मधीच खंय तरी रवाक जावचा काय, झिला?"

श्रुतिकाचे वडील चंद्रप्रकाशकाका. मोठ्या ऑफिसात पत्रांचे मसुदे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशाला लाल पेन असतंच. बोरिवलीत त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. नितेशने बायोडाटा हाताने लिहून दिला होता. 'व्यवसाय : कपाट, पंलग, किचन बनवणे.' काकांनी तो चार दिवसांनी परत पाठवला. सात ठिकाणी लाल गोल होते. 'पंलग'भोवती दोन.

मुलगा साधा आहे, व्यसन नाही, हातात कला आहे हे त्यांना मान्य होतं. पण त्यांची एकच अट होती, आणि ती त्यांनी नितेशला समोर बसवून सांगितली. ते त्याला तुम्ही म्हणायचे. आदराने नव्हे. घराच्या दारात उभं केलेल्या माणसाला म्हणतात तसं.

"तुळशीच्या लग्नाआधी स्वतःच्या जागेचं टोकन द्या. भाड्याचं नको. कितीही लांब चालेल, कितीही लहान चालेल. नाहीतर मी तिच्यासाठी दुसरीकडे बोलणी सुरू करीन."

"बाबा, तुम्ही लग्न लावताय की प्लॉट विकताय?" श्रुतिकाने स्वयंपाकघरातून विचारलं.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही तिघं जागा बघायला लागलो. नितेश, श्रुतिका आणि मी.

मला रुपये कळत नाहीत, फूट कळतात. म्हणून मी आपला फुटांत हिशेब करायचो. चौरस फूट म्हणजे बारा इंच बाय बारा इंच. त्यात नितेश उभा राहू शकतो, चपला बाहेर काढून. अंधेरीतल्या एका दलालाने भाव सांगितला तेव्हा कळलं की नितेशचा महिन्याचा अख्खा पगार दिला तरी तेवढीही जागा येत नाही. श्रुतिका म्हणाली, "म्हणजे तू एका पायावर उभा राहा. दुसरा पाय पुढच्या महिन्यात टेकव."

त्या फिरतीत मी खूप शिकलो. कार्पेट म्हणजे सतरंजी अंथरता येईल तेवढी जागा. बिल्टअप म्हणजे त्यात भिंतीही आल्या. सुपर बिल्टअप म्हणजे जिना, लिफ्ट आणि खाली वॉचमनची खुर्ची ठेवली असेल तर तिच्याखालची फरशीसुद्धा. कुर्ल्याला एक खोली पाहिली, तिच्यात मधोमध खांब होता. दलाल म्हणाला, "यावर टीव्ही लावा ना." मुलुंडला एक पाहिली. खिडकी उघडली की शेजारच्यांच्या पंख्याचा वारा यायचा. श्रुतिकाने त्यांच्या घरातल्या आजींशी दोन मिनिटं गप्पाही मारल्या. जागा मात्र आमच्या आवाक्याबाहेर होती.

मग आम्ही लांब जायला लागलो. लांब गेलं की जागेचं नाव मोठं होतं. घाटकोपरपासून दीड तासावर 'न्यू घाटकोपर' असतं. मुलुंड संपून दोन खाड्या गेल्या की 'अप्पर मुलुंड' लागतं. तिकडे टॉवर उभे राहतात, पण कारखाना नाही, ऑफिस नाही, साधं चष्म्याचं दुकान नाही. कामाला पुन्हा इकडेच यायचं. नितेशच्या आईने गमतीत विचारलं होतं ते मधलं कुठेतरी म्हणजे हेच असावं.

याच दिवसांत कारखान्यात एक ऑर्डर आली. एक पलंग, एक वॉर्डरोब, एक डायनिंग टेबल, चार खुर्च्या. मापं बघून नितेश थांबला. पलंगाची लांबी पाच फूट चार इंच. नेहमीचा पलंग सव्वासहा फूट असतो. वॉर्डरोब सोळा इंच खोल. नेहमी दोन फूट लागतो, नाहीतर हँगर आत जातच नाही. खुर्च्याही बारीक.

"लहान मुलांच्या खोलीचं असेल," नितेश हळूच म्हणाला.

मिहिरशेठ फोनवर होते. म्हणाले, "पार्टीने ड्रॉइंग पाठवलंय ना? त्यात आहे तेवढं कर."

नितेशने केलं, आणि झकास केलं. कडा गोल केल्या, मुलांना लागू नयेत म्हणून. पलंगाच्या आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहिलं, 'मुलांचा पंलग, ५ फूट ४ इंच.' टेम्पो आला, सामान गेलं. आम्ही विसरलो.

तुळशीच्या लग्नाला अकरा दिवस उरले होते तेव्हा श्रुतिकाला एक जाहिरात दिसली. नाव 'बोरिवली नेक्स्ट'. भाव चक्क जमण्यासारखा. नितेशची दहा वर्षांची बचत, तिची थोडी, आणि काका म्हणाले की टोकनचा चेक मी देतो, नंतर परत करा. रविवारी, नऊ दिवस उरले असताना, काका स्वतः बरोबर आले. चेकबुक खिशात, लाल पेनच्या शेजारी.

जागा बोरिवलीनंतर पुष्कळ नेक्स्ट होती. आधी गाडी, मग बस, मग बिल्डरची स्वतःची छोटी व्हॅन. मैदानात अर्धा टॉवर उभा होता आणि खाली काचेचं चकाचक ऑफिस. तिथे शौनक नावाचा टाय लावलेला तरुण भेटला. गोड बोलायचा.

"सर, बोरिवली स्टेशन फक्त सतरा मिनिटं."

"कशाने?" काकांनी विचारलं. आम्हाला दोन तास लागले होते.

"मेट्रो आली की, सर."

मग त्याने आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवला. टॉवर पूर्ण व्हायला तीन वर्षं होती, पण आपला फ्लॅट कसा दिसेल ते आधी कळावं म्हणून एक नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवतात. आत शिरलो आणि श्रुतिका 'अय्या' म्हणून उभीच राहिली. हॉलमध्ये टेबल, चार खुर्च्या, तरी फिरायला जागा. बेडरूममध्ये पलंग, वॉर्डरोब, आणि तरी खिडकीपाशी एक झुला. एवढ्याशा कार्पेटमध्ये एवढं सगळं.

"इथे पलंग, इथे मशीन, आणि इथे मी," ती झुल्यावर बसून म्हणाली.

काकाही बदलले. एरवी सगळीकडे चूक शोधणारा माणूस, पण त्यांनी पडद्याला हात लावून पाहिला आणि चक्क हसले. नितेशकडे बघून हसले. मी दोन वर्षांत ते पाहिलं नव्हतं.

नितेश मात्र दारातच थांबला होता. त्याने पलंगाची कड पाहिली. मुलांना लागू नये म्हणून गोल केलेली कड.

त्याचा हात खिशात आला आणि माझ्यावर घट्ट बसला. मला त्याच्या बोटांतून सगळं कळतं. ते फर्निचर मुलांचं नव्हतं. खोली मोठी दिसावी म्हणून फर्निचर लहान केलं होतं. आतल्या खोल्यांना दारंही नव्हती, कारण दार उघडायला जागा लागते. खरा पलंग ठेवला असता तर झुला गेला असता. खरा वॉर्डरोब ठेवला असता तर त्याचं दार पलंगाला अडलं असतं आणि श्रुतिकाला भिंतीला पाठ लावून चालावं लागलं असतं.

पण बोलायचं कसं? बोललं तर टोकन नाही. टोकन नाही तर नऊ दिवसांनी काका दुसरीकडे बोलणी सुरू करणार. शिवाय, हे बनवलं कोणी? त्यानेच. न बोलता राहिलं तर लग्न होत होतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं त्याला आयुष्यभर जमत आलं होतं.

त्याने मला खिशातून अर्धा काढला आणि परत ठेवला. पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

शौनक म्हणाला, "सर, आजचा रेट आजच आहे. टोकन दिलं की युनिट ब्लॉक." माणसांचं बघा, त्यांना टोकन हवं असतं. मला नुसतं टोक धरणारा लागतो.

काकांनी चष्मा लावला, चेकबुक काढलं आणि टेबलापाशी जाऊन त्या बारक्या खुर्चीवर बसले. खुर्ची त्यांना जरा आखूड झाली, पण आनंदात त्यांना ते कळलं नाही. त्यांनी तारीख घातली.

"काका," नितेश म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"काका, जरा आडवे होता का?"

"काय?"

"पलंगावर. आडवे व्हा. एक मिनिट."

श्रुतिका झुल्यावरून उठली. शौनक म्हणाला, "सर, डिस्प्लेवर झोपायला परमिशन नाही." या एका वाक्याने काम झालं. परमिशन नाही म्हटलं की काकांना ती गोष्ट करून बघावीशी वाटते. एवढी वर्षं ते ऑफिसात नियम वाचत आले होते. त्यांनी चपला काढल्या, चष्मा खिशात ठेवला आणि सरळ पलंगावर आडवे झाले.

घोट्यांपासून पुढचे त्यांचे दोन्ही पाय पलंगाबाहेर हवेत होते.

काकांनी मान उचलून आपल्या पायांकडे पाहिलं. मग शौनककडे. "माझी उंची वाढली का हो?"

"सर, हा काँपॅक्ट मॉडेल आहे. स्टँडर्डच साइज असतो."

नितेशने मला बाहेर काढलं. पण एकट्याला जमेना, माझं टोक पलंगाच्या कडेवरून सारखं निसटत होतं. तेव्हा काकांनी, आडवे असतानाच, डोक्यामागे हात नेऊन ते टोक पकडलं. उशाच्या फळीला लावलं आणि अंगठ्याने दाबलं.

"धरलंय मी. मोज."

मोज. 'मोजा' नाही. श्रुतिकाने एकदम बापाकडे पाहिलं. नितेशने ऐकलं की नाही कोण जाणे, कारण तो माझ्याकडे बघत होता. त्याने मला पायथ्यापर्यंत ओढलं.

"पाच फूट चार इंच," तो म्हणाला. "आणि हे मला मोजल्याशिवाय माहीत होतं. हा मी बनवलाय. मला वाटलं मुलांसाठी आहे."

शौनक हसला. "कोणीही म्हणेल सर, मी बनवलाय."

"गादी उचला," नितेश म्हणाला. "आतल्या फळीवर लिहिलंय."

काका उठले. गादी श्रुतिकाने आणि नितेशने मिळून उचलली. काकांनी चष्मा पुन्हा लावला, वाकले आणि मोठ्याने वाचलं, "मुलांचा पं-ल-ग." थांबले. पुन्हा वाचलं. त्यांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनकडे गेला आणि तिथेच राहिला.

"याचाच आहे," ते शौनकला म्हणाले. "सगळ्या मुंबईत हे टिंब इथे देणारा दुसरा माणूस नसेल."

तारीख घातलेला चेक त्यांनी फाडला, घडी करून खिशात ठेवला. त्या ऑफिसात त्यांनी तेवढासुद्धा कचरा केला नाही.

परतीच्या व्हॅनची वाट बघत आम्ही रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर बसलो. पहिली फैर श्रुतिकाची होती. "आत शिरल्याशिरल्या ओळखलास ना? मग मी झुल्यावर बसून संसार मांडत होते तेव्हा तोंडात काय खिळे धरले होतेस?"

"तुला आवडला होता," नितेश म्हणाला.

"झुला आवडला होता. त्यासाठी वीस वर्षं हप्ते भरणार होतो आपण. येडा आहेस तू."

नितेशने कपात पाहिलं. मग काकांकडे वळून, पाठ केल्यासारखं बोलला, की नऊ दिवसांत आता दुसरी जागा होणार नाही, तुम्ही बोलणी सुरू करणार असाल तर मी समजू शकतो.

काका बराच वेळ चहा ढवळत राहिले. त्यात साखर नव्हतीच. मग त्यांनी जे सांगितलं ते श्रुतिकालाही ठाऊक नव्हतं. लग्नानंतर ते आणि तिची आई अनुपमा घाटकोपरला भाड्याच्या खोल्यांत राहिले. पाच वर्षांत पाच खोल्या. दर अकरा महिन्यांनी सामान बांधायचं. श्रुतिकाचा पाळणा तीनदा सुटा करून पुन्हा जोडला, शेवटच्या वेळी त्याचे दोन स्क्रू सापडलेच नाहीत. तिच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून ती अट होती. आणि त्याच भीतीपोटी आपण आज न मोजता सही करणार होतो, असं ते म्हणाले.

"पाळणा कसा जोडला मग?" नितेशने विचारलं. त्याला तेवढंच सुचलं.

"दोरीने बांधला. एका बाजूला कलंडायचा."

"तरीच मी अशी," श्रुतिका म्हणाली.

काकांनी पहिल्यांदा मला हातात मागून घेतलं. थोडा ओढला, सोडला, सर्रकन आत गेलेलं पाहिलं. मग नितेशला म्हणाले, "चारकोपला भाड्याची खोली बघ. तुझ्या कारखान्याजवळ. स्वतःची जागा मिळेल तेव्हा मिळेल, तोवर मीही येत जाईन बघायला. टोक धरायला कोणीतरी लागतंच तुला. लग्न तुळशीच्या नंतर पहिल्या मुहूर्तावर." आणि जरा थांबून, "पलंग तेवढा पूर्ण मापाचा कर."

"करतो," नितेश म्हणाला.

"आणि ते टिंब."

"हो काका. सुधारतो."

"नको. राहू दे तिथेच. ओळखायला बरं पडतं."

तर अशी माझी हकीकत. आता मी म्हातारा झालोय. एक फूट ते सहा फूट, रोज लागणारे माझे आकडे पुसट झाले आहेत. टोकाचा पत्रा सैल आहे. पेटीला आडवी चीर गेली आहे, तिच्यावर नितेशने काळी चिकटपट्टी लावली आहे. आता फार दिवस राहीन असं नाही.

तुम्हाला एकच विनंती आहे. घर बघायला जाल तेव्हा माझ्या जातीचा कोणीतरी खिशात असू द्या. झुल्यावर खुशाल बसा, पडदे बघा, पण आधी पलंगावर आडवे व्हा. परमिशन नाही म्हणाले तर नक्कीच व्हा. आणि एकटे जाऊ नका. टोक धरणारं माणूस बरोबर न्या. मी सोळा फुटांपर्यंत सगळं खरं सांगतो, पण दुसरं टोक मला धरता येत नाही.

आता त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगतो आणि थांबतो.

सकाळी आम्ही कारखान्यात गेलो तर टेबलावर नवीन ड्रॉइंग होतं. त्याच पार्टीचा दुसरा टॉवर, दुसरा सॅम्पल फ्लॅट. पलंग, पाच फूट चार इंच. नितेश ते घेऊन मिहिरशेठपुढे उभा राहिला. दहा वर्षांपूर्वी दुकानात जे म्हणता आलं नव्हतं ते त्याने म्हटलं.

"हा नाही, शेठ. हा मी नाही बनवणार."

शेठनी त्याच्याकडे पाहिलं, ड्रॉइंगकडे पाहिलं. रागावले नाहीत. ड्रॉइंग उचलून शेजारच्या कारागिराच्या टेबलावर ठेवलं आणि फोन घेतला. काम व्हायचं ते होणारच होतं. नितेशच्या हातून होणार नव्हतं, एवढंच. आणि त्या महिन्याचा ओव्हरटाइम गेला.

मग त्याने पगारातून कापा म्हणून सांगून प्लायची एक पूर्ण शीट घेतली. जमिनीवर आडवी टाकली. एका टोकाला गुडघा टेकून मला सव्वासहा फुटांपर्यंत ओढलं, आणि खूण करताना दोन सूत जास्त धरले. लाकूड फुगतं म्हणून नव्हे. कापायच्या आधी त्याने आतल्या बाजूला पेन्सिलीने, नीट, सावकाश लिहिलं : 'आमचा पंलग.'